अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं

कॅनडात ऑनसाईट असताना टीममधल्या लोकांच्या नादाने मी आईस हॉकी शिकायला गेलो. स्केट्स घेताना डोक्यात आपलं देशी गणित. नेहमीचा बूट आठ नंबरचा, मोजे जाड, थंडी मरणाची, म्हणून स्केट्स घेतले नऊ नंबरचे. शाळेत असताना जूनमध्ये 'वाढत्या पायाचे' बूट घ्यायचे ना, अगदी तसं. महिनाभर टाच आतल्या आत सरकत होती, घोटे आत कलंडत होते, आणि घरी येऊन मी फोडांवर बँडएड लावत होतो. पण कोणाला अवाक्षर बोललो नाही. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं कोण ऐकून घेणार?

शेवटी स्केट्सना धार लावायला गेलो, तेव्हा दुकानातल्या आजोबांनी माझ्या पायांकडे बघून कपाळाला हात लावला. मग माझी शिकवणीच घेतली. स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, आणि गुडघे वाकवले की तो मागे येऊन टाच घट्ट बसावी. हल्लीचे बूट तर दुकानातल्या ओव्हनमध्ये काही मिनिटं गरम करून पायात घालतात, म्हणजे ते घोट्याचा आकार घेतात. स्टिकचंही तेच. स्केट्स घालून उभं राहिल्यावर तिचं टोक साधारण हनुवटीपर्यंत यावं. माझं नाकाच्याही वर जात होतं. आजोबांनी करवतीने कापून दिली, आणि कापलेली स्टिक जास्त ताठ होते हेही सांगून ठेवलं.

ही सगळी मापं आली कुठून, हा किडा डोक्यात शिरला आणि पुढचा वीकेंड त्यातच गेला.

सुरुवातीला बुटाचा प्रश्नच नव्हता. लाकडी पट्टीत बसवलेलं लोखंडी पातं, आणि ते नेहमीच्या बुटाला पट्ट्यांनी बांधायचं. पट्टा सैल झाला की पातं निसटणार, आवळला की पाय बधिर. १८६०च्या दशकात नोव्हा स्कोशियातल्या डार्टमथ गावी स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या जॉन फोर्ब्सने खटक्याने बुटाला पकडणारा स्केट काढला. पट्ट्यांची कटकट गेली. पण बूट मात्र चालायचाच राहिला.

तो बदलला मॅनिटोबातल्या ब्रँडन गावी. जो हॉल नावाचा हॉकीपटू तिथे राहायचा. त्याची तक्रार साधी होती: बूट एक मोसमसुद्धा टिकत नाहीत. साधारण १९०५ साली त्याने ती जॉर्ज टॅकबेरी या बूट बनवणाऱ्या कारागिराला सांगितली. टॅकबेरीने कांगारूचं चामडं घेतलं, कारण ते हलकं आणि चिवट असतं. टाच आणि चवडा भक्कम केला, तळव्याच्या कमानीला आधार दिला. बाकीचे खेळाडूही त्याच्याकडे येऊ लागले. १९३७ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने हे हक्क सीसीएम कंपनीला विकले. सीसीएम म्हणजे मुळात सायकली बनवणारी कंपनी! 'टॅक्स' हे नाव पुढे कित्येक दशकं स्केट्सवर मिरवत राहिलं. हॉल मात्र १९१९च्या फ्लूच्या साथीत गेला. त्या वर्षीची स्टॅन्ली कपची अंतिम फेरीच साथीमुळे अर्धवट सोडावी लागली.

स्टिकची गोष्ट आणखी मजेदार. १९६०च्या सुमारास शिकागो ब्लॅक हॉक्सच्या स्टॅन मिकिटाच्या स्टिकचं खालचं ब्लेड सरावात तडकून वाकलं. नवी स्टिक आणायला ड्रेसिंग रूमपर्यंत पायऱ्या उतरून कोण जाणार, म्हणून वैतागून त्याने तशीच पकला मारली. फटक्याचा आवाजच वेगळा आला! मग तो आणि त्याचा सहकारी बॉबी हल गरम पाण्यात भिजवून, दाराच्या फटीत दाबून ब्लेड वाकवू लागले. (न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटचाही या शोधावर दावा होता. असो.) वाकड्या ब्लेडमध्ये पक छान बसतो आणि जोरात सुटतो.

पण ज्याच्या अंगावर तो येतो, त्या गोलकीपरचं काय? पक हवेत कसा वळेल याचा नेम नाही, आणि तेव्हा बरेच गोलकीपर मास्कशिवाय उभे राहत. एनएचएलमधला शेवटचा बिनमास्कचा गोलकीपर अँडी ब्राऊन १९७४ पर्यंत खेळला. एकाची सोय ती दुसऱ्याच्या जिवावर. म्हणून एनएचएलने बाक मोजायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये मर्यादा अर्ध्या इंचावर आणली. २००६ मध्ये ती पाऊण इंच केली.

या अर्ध्या इंचाने १९९३ च्या अंतिम फेरीचा नूर पालटला. दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस किंग्ज माँट्रियलवर २-१ ने पुढे, दोन मिनिटंही उरली नव्हती. माँट्रियलचे कोच जॅक डेमर्स यांनी मार्टी मॅकसोर्लीची स्टिक मोजायला लावली. बाक जास्त निघाला, मॅकसोर्ली पेनल्टी बॉक्समध्ये. एरिक देजार्दँने बरोबरी केली, आणि ओव्हरटाईममध्ये जिंकवणारा गोलही त्यानेच मारला. माँट्रियलने पुढचे तिन्ही सामने जिंकून कप नेला.

म्हणजे नियम म्हटला की तो सोयीच्या मुळावर? तसंही नाही. स्टिक ६३ इंचांपेक्षा लांब नको असा नियम आहे, पण ६ फूट ६ इंच किंवा त्याहून उंच खेळाडूला ६५ इंचांपर्यंत सूट मिळते. ६ फूट ९ इंचांचा झ्देनो चारा अशाच स्टिकने खेळायचा. त्याला कोणी "वाकून खेळ" म्हटलं नाही.

आम्ही आयटीवाले 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करण्यात पटाईत. मी तर महिनाभर स्वतःचंच तिकीट तसं बंद करत होतो. हॉलने तसं केलं असतं तर तो दरवर्षी नवे बूट फाडत बसला असता.

माझं स्केटिंग अजून यथातथाच आहे. पण आता पडतो तो माझ्या चुकीने, बुटाच्या नाही. आणि ते जास्त बरं वाटतं!