पँथरचा मतदारसंघ

१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे मराठी साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. मात्र त्या पक्षाने आपले चिन्ह जिथून उचलले, त्या अलाबामा राज्यातील लाउंड्ज काउंटीचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. पँथर तेथे प्रथम अवतरला तो मतपत्रिकेवरचे निवडणूक चिन्ह म्हणून. त्यामागे प्रतिनिधित्वाचा एक विलक्षण इतिहास आहे.

१९६० च्या जनगणनेनुसार लाउंड्जची लोकसंख्या १५,४१७ होती. त्यांतील सुमारे चार-पंचमांश लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले बहुसंख्य गोऱ्यांच्या जमिनींवर राबत होते. राज्याच्या सिनेटमधील ३५ जागांपैकी एक जागा एकट्या लाउंड्जची होती. बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन काउंटीत आहे, तिची लोकसंख्या सहा लाखांवर असूनही तिच्या वाट्याला एकच जागा होती. दर दहा वर्षांनी फेरवाटणी करण्याचे बंधन १९०१ च्या राज्यघटनेत होते. विधिमंडळाने ते साठ वर्षे पाळले नाही. परिणामी सिनेटमध्ये लाउंड्जच्या एका माणसाचे वजन जेफरसनच्या ४१ माणसांइतके झाले.

पण हे वजन नेमके कोणाचे? १९६५ च्या आरंभी लाउंड्जच्या मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय मनुष्य नव्हता. जनगणनेत ज्यांची संख्या मोजली जाई, त्यांचे मत मात्र विचारले जात नसे. मूठभर गोरे मतदार संपूर्ण काउंटीच्या नावाने सिनेटर पाठवीत.

१५ जून १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' खटल्यात ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. लोकप्रतिनिधी हे माणसांचे असतात, झाडांचे वा एकरांचे नव्हेत, असा सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राचा आशय होता. त्याने काउंटी-काउंटींमधील विषमता दूर केली. काउंटीच्या आतील विषमता तशीच राहिली. तिच्यावरचा उपाय ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने आला. त्याआधी मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी ही पदयात्रा याच काउंटीतून गेली होती.

येथे इतिहासाचा एक कठोर विरोधाभास दिसतो. समान वाटणीच्या नियमाने एका सिनेट जागेमागे सुमारे ९३,००० लोक येत होते. लाउंड्जला आता स्वतंत्र सिनेटर मिळणे शक्यच नव्हते. ज्या वेळी कृष्णवर्णीयांच्या हाती मत आले, त्याच वेळी त्या मताचे ४१ पट मोल संपले होते. अर्थात ते मोल त्यांचे कधी नव्हतेच.

म्हणून त्यांनी लढाई काउंटीच्या कारभाराकडे वळवली. स्टोकली कार्मायकेल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने स्थानिकांनी स्वतंत्र पक्ष उभारला आणि काळा पँथर हे चिन्ह घेतले. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सर्व उमेदवार पराभूत झाले. १९७० मध्ये मात्र त्यांच्यापैकीच जॉन ह्युलेट काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

कोण कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न आपण साहित्यात नेहमी विचारतो. लाउंड्जचा इतिहास त्याला आणखी एक प्रश्न जोडतो: ज्यांच्या संख्येच्या बळावर कोणी बोलतो, त्यांना त्याला गप्प करण्याचा अधिकार आहे काय?