घोड्यापासून मोटारीपर्यंत : दूरच्या सौद्याची कथा

वाहन विकत घेणें ही मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आयुष्यांत चार-दोन वेळांच घडणारी गोष्ट होय. आणि तें वाहन जुनें असून विकणारा शेंकडों मैलांवर असला, म्हणजे त्या सौद्यांत पैशाबरोबर घरच्या माणसांचा जीवहि गुंतलेला असतो. जालन्याचा एखादा शिक्षक किंवा दुकानदार पुण्या-मुंबईची, क्वचित् दिल्लीचीहि, वापरलेली मोटार आज छायाचित्रें पाहून पसंत करतो, दूरध्वनीवर भाव ठरवितो व विसाराची रक्कम क्षणार्धांत पाठवून मोकळा होतो. हा प्रकार अगदीं नव्या युगाचा आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. साधन नवें आहे. प्रश्न मात्र फार जुना आहे. जी वस्तु आपण पाहिली नाहीं, किंवा पाहूनहि जिचें अंतरंग आपणांस कळत नाहीं, तिच्याविषयीं विकणारा सांगतो तें खरें कशावरून मानावयाचें ? या प्रश्नास आपल्या पूर्वजांनीं कोणकोणतीं उत्तरें दिलीं, व त्यांपैकीं कोणतें आपण आज हातचें घालवीत आहों, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व अर्थशास्त्रकारांनीं हा प्रश्न क्षुल्लक मानला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत विकलेला व घेतलेला माल परत करण्याचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणारास बारा पण दंड सांगितला असून, चतुष्पाद प्राणी तीन पंधरवड्यांच्या आंत परत करण्याची मुभा ठेविली आहे. आणि तिचें कारणहि तेथेंच दिलें आहे कीं, गुणदोष कळण्यास तेवढा काळ लागतो. याज्ञवल्क्यानें तर निरनिराळ्या वस्तूंच्या परीक्षेची मुदतच आंखून दिली : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच दिवस, रत्नांस सात दिवस. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका आपल्या दख्खनांत, चालुक्यांच्या कल्याणी नगरांत लिहिली गेली. तेव्हां हे नियम केवळ गंगाकांठच्या पंडितांचे असें कोणी म्हणूं नये. बीं, लोखंड आणि वाहन ! आजच्या जालन्याची बियाण्याची व पोलादाची पेठ ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही यादी वाचून मौज वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु तिच्यांतील खरें मर्म निराळें आहे. विक्रेता सज्जन कीं दुर्जन, हें ठरविण्याच्या खटपटीस शास्त्रकार लागले नाहींत. त्यांनीं घेणारास अवधि दिला. माणसाची परीक्षा अवघड, म्हणून वस्तूच्या परीक्षेस वेळ दिला.

मध्ययुगांतील मोटार म्हणजे घोडा. उत्तम घोडे अरबस्तानांतून व इराणी आखाताच्या किनाऱ्यावरून गलबतांत घालून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येत. हा व्यापार किती मोठा होता आणि दक्षिणेंत आल्यावर हीं जनावरें किती मरत, हें तेराव्या शतकांत मार्को पोलोनें नमूद करून ठेविलें आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी पेठ होती. दख्खनची स्वतःची म्हणून भीमथडीची काटक जात होतीच. मराठ्यांच्या फौजेंत बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. शिलेदारास मात्र घोडा स्वतःचा आणावा लागे. शिलेदाराच्या दृष्टीनें घोडा हें केवळ वाहन नव्हतें. तें त्याचें भांडवल, त्याची नोकरी व त्याची अब्रू, सर्व कांहीं होतें. फसगत झाली तर एका दिवसांत घोडा गेला आणि त्याबरोबर पोटाची सोयहि गेली. म्हणून दांत पाहून वय ठरविणें, चाल पाहणें, खुरांवर थाप मारणें, अंगावरचे भोंवरे शुभ कीं अशुभ हें तपासणें, असें एक सबंध शास्त्रच उभें राहिलें. त्यांत कांहीं भाबडेपणा होता हें खरें. पण जाणत्या डोळ्यानें वस्तु समक्ष पाहिल्यावांचून पैसा सोडावयाचा नाहीं, हा त्याचा पाया पक्का होता.

जालना जिल्ह्याच्या इतिहासांतच या गोष्टीचें एक उदाहरण सांपडतें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईंत जनरल वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीनें पडला व दुसरा भाल्यानें जखमी झाला. हा दुसरा घोडा ‘डायोमीड’ नांवाचा अरबी होता. तो वेलस्लीनें बाजारांतून घेतलेला नव्हता. १७९८ सालीं द्वंद्वयुद्धांत प्राणांतिक जखम झालेल्या एका मित्रानें मरतेसमयीं तो त्याच्या स्वाधीन केला होता. जुनें वाहन मिळावें तर तें ओळखीच्या हातून, हा व्यवहार असा सर्व देशांत सारखाच मानला गेला आहे.

परंतु ओळखीचें माणूस प्रत्येक पेठेंत कोठून आणावें ? येथें व्यापाऱ्यांची हुशारी कामास आली. कुंडलिकेच्या दोन्ही कांठांवर वसलेल्या जालना-कादराबादची पेठ एके काळीं इतकी भरभराटींत होती कीं, ‘जालना सोने का पालना’ अशी म्हणच पडली. अशा पेठेंत दूरचा माल येई तो आडत्याच्या मध्यस्थीनें, आणि पैसा जाई तो हुंडीनें. मध्यस्थ दोन्ही पक्षांस ओळखीचा असे. त्यानें आज एकास फसविलें तर उद्यां त्याच्या पेढीची पायरी कोणी चढत नसे. दलाली ही पुष्कळांस फुकटखाऊपणाची मिळकत वाटते. पण नीट पाहिलें तर ती विश्वासाची किंमत होती. दूरच्या माणसाशीं व्यवहार करावयाचा म्हणजे त्याच्या व आपल्या मध्यें कोणी तरी जबाबदार माणूस उभा पाहिजे, हें आपल्या समाजाचें दुसरें उत्तर होय.

मोटारी आल्या तेव्हां जालना हैदराबाद संस्थानांत होतें. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू झाली व मुंबई जवळ आली. तरी संस्थानची सरहद्द मध्यें होतीच. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. साधारणतः सात हालींस सहा कलदार असा हिशेब. शिवाय सरहद्दीवर संस्थानची जकात, जिला करोडगिरी म्हणत. म्हणजे मुंबईची वस्तु जालन्यास आणणें हा दोन नाण्यांचा व दोन राज्यांचा मामला होता. त्या काळीं खासगी मोटार ही जहागीरदार, बडे वकील, डॉक्टर व गिरणीवाले यांचीच चैन; सामान्य माणसास मोटारीची ओळख झाली ती निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ मोटारगाड्यांनिशीं सुरू केलेल्या प्रवासी वाहतुकीमुळें. १९४८ सालीं संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्द गेली, पण अंतर राहिलें.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत एक विलक्षण अवस्था उत्पन्न झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या निघूं लागल्या. तिकडे बंगालमध्यें ॲम्बॅसडर तयार होई. गाड्या थोड्या आणि मागणारे फार, म्हणून नांव नोंदवून वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी लागे. साहजिकच वापरलेल्या मोटारीचा भाव चढा राही, आणि ती घेणारा माणूस घोड्याच्या काळचेंच शहाणपण वापरी. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावयाचा, एंजिनाचा आवाज ऐकावयाचा, धुराचा रंग पाहावयाचा, चार कोस गाडी हांकून पाहावयाची, आणि मगच विसार द्यावयाचा. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू टंचाई सरली. गाड्या विपुल झाल्या, त्यांचे मालक लवकर लवकर बदलूं लागले, आणि विकणारा अनोळखी असणें हाच नियम होऊन बसला.

हें पश्चिमेकडे आधींच घडलें होतें. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत त्यानें उदाहरण घेतलें तें जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : गाडीचे दोष विकणारास ठाऊक असतात, घेणारास नसतात, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांस मध्यम भाव देऊं करतो, त्या भावांत चांगली गाडी विकणें मालकास परवडत नाहीं, तो ती बाजारांत आणीतच नाहीं, आणि अशा रीतीनें बाजारांत उत्तरोत्तर वाईट गाड्याच उरतात. तीन नियतकालिकांनीं परत पाठविलेल्या या निबंधाच्या कर्त्यास २००१ सालीं इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. यांतून निघणारें तात्पर्य मोठें आहे. लबाड विक्रेत्यामुळें केवळ एक गिऱ्हाईक फसत नाहीं. प्रामाणिक विक्रेत्यासहि योग्य भाव मिळेनासा होतो. अविश्वासाचा कर सर्वांनाच भरावा लागतो.

या रोगावरचा उपाय जालन्यास शिकविण्याची गरज नाहीं, कारण विकणाराच्या बाजूनें तो या गांवानें स्वतःच अनुभविला आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्याची कंपनी स्थापिली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. बियाणें ही तर मोटारीहूनहि अधिक आंधळी वस्तु. पेरून उगवल्यावांचून तिचा गुण कळत नाहीं, आणि कळतो तेव्हां हंगाम निघून गेलेला असतो. शेंकडों मैलांवरचा शेतकरी पिशवी विकत घेतो ती तिच्यावरील नांवाच्या व चिठ्ठीच्या भरंवशावर. म्हणूनच १९६६ च्या बियाणें कायद्यानें उगवणीचें व शुद्धतेचें किमान प्रमाण ठरवून तें चिठ्ठीवर छापावयास लावलें. नांव टिकविण्याची गरज असलेला विक्रेता व त्याच्यावर देखरेख करणारा कायदा, हीं दोन्हीं असलीं म्हणजे अंतर बाधत नाहीं.

जुन्या मोटारीच्या बाबतींत कायद्यानें काय दिलें आहे ? १९३० चा मालविक्रीचा कायदा ‘घेणाऱ्यानें सावध असावें’ हें तत्त्व मूळ धरतो. मात्र वर्णनावरून माल विकला असेल तर तो वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, असेंहि सांगतो. दूरच्या सौद्यांत हें कलम फार मोलाचें आहे, पण तें उपयोगीं पडावयास वर्णन लेखी पाहिजे; तोंडी स्तुतीस कोर्टांत किंमत येणें कठीण. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें विकणारानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांत हस्तांतर कळवावें, परराज्यांत गाडी गेली तर पंचेचाळीस दिवसांत ना-हरकत दाखला वगैरे सादर करावें, आणि घेणारानें तीस दिवसांत आपली नोंद करून घ्यावी, असा दंडक आहे. ना-हरकतीस नमुना २८, हस्तांतरास नमुने २९ व ३०. परराज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथें राहिली तर तिला येथला क्रमांक, जालन्याचा म्हणजे ‘एमएच २१’, घ्यावा लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेलच्या व पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांस बंदी केल्यावर तिकडील गाड्या स्वस्तांत इतर प्रांतीं जाऊं लागल्या. तेथें हे दाखले विशेष निरखून पाहणें प्राप्त आहे. स्वस्त भावांत येथला कर मिळविला म्हणजे ती स्वस्ताई पुष्कळदां विरघळते.

हे कागद म्हणजे केवळ कचेरीचा जाच असें मानणारांनीं सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी १९१८ नव्हे, शंभर वर्षांनंतरचा, म्हणजे २०१८ चा निकाल ध्यानांत घ्यावा. एक मोटार एकामागून एक अनेकांच्या हातीं गेली. नोंद मात्र मूळ मालकाच्याच नांवावर राहिली. पुढें अपघात होऊन जीव गेला. न्यायालयानें ठरविलें कीं, दफ्तरीं ज्याचें नांव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीहि त्याचीच. मेलेल्याच्या आप्तांनीं हस्तांतरांची सांखळी शोधीत फिरावें हें न्यायाचें नव्हे. पूर्वीं दूरच्या सौद्यांत भीति घेणारास होती; आतां निष्काळजी विकणारासहि ती तितकीच आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस अधिकारपत्र घेण्याचा जो नियम लागू झाला, तो म्हणजे जुन्या आडत्यास जबाबदारीसह पुन्हां मध्यें उभा करण्याचाच प्रयत्न होय.

एवढें असूनहि एक उणीव राहते. नोंदीचे कागद गाडी कोणाची हें सांगतात. ती कशी आहे हें सांगत नाहींत. तारण फिटलें कीं नाहीं, विमा चालू आहे कीं नाहीं, सांगाड्यावरचा व एंजिनावरचा आंकडा दाखल्याशीं जुळतो कीं नाहीं, हें कागदावरून ताडतां येतें. पण गाडी पुराच्या पाण्यांत बुडाली होती काय, मैल मोजणारें यंत्र मागें फिरविलें आहे काय, हें छायाचित्रांत दिसत नाहीं. घोड्याचा रंग चित्रांत दिसेल, दम दिसत नाहीं. आपल्या समाजाच्या तीन उत्तरांपैकीं जबाबदार मध्यस्थ पुन्हां येऊं पाहत आहे, कागद पूर्वींपेक्षां पुष्कळ सुधारले आहेत. हातचें गेलें आहे तें पहिलेंच, म्हणजे परीक्षेचा अवधि. याज्ञवल्क्यानें वाहत्या जनावरास दिलेले पांच दिवस आज क्वचितच कोणी मागतो व क्वचितच कोणी देतो; उलट ‘दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ या एका वाक्यासरशीं विसार रवाना होतो.

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्यास दूरची मोटार घ्यावयाची आहे त्यानें एका दिवसाचा प्रवास व मिस्त्रीची मजुरी हा खर्च न मानतां किंमतीचाच भाग मानावा; वर्णन लेखी घ्यावें; आणि बरीचशी रक्कम दाखले हातीं येईपर्यंत आपल्याजवळ ठेवावी. ज्या विक्रेत्यास हा अवधि देणें मान्य नसेल, त्यानें आपल्या मालाविषयीं सर्वांत खरें बोलावयाचें तें बोलून टाकलें असें समजून पुढें चालावें.