कान्हेरीला किती वेळ लागतो?

बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असावी लागतात. जागा कितीला घेतलीत, पाणी किती वाजता येतं आणि कान्हेरीला किती वेळ लागतो. पहिल्याचं उत्तर जो तो सोयीने कमी-जास्त करून सांगतो, दुसऱ्याचं अधूनमधून बदलतं, आणि तिसऱ्याचं उत्तर देणारा बहुतेक वेळा स्वतः कान्हेरीला गेलेलाच नसतो. तरीही तो बेधडक ठोकून देतो, "दीड तास पुष्कळ झाला!"

गावाहून आलेल्या पाहुण्याच्या यादीत गेटवे असतं, सिद्धिविनायक असतो, राणीचा बाग असतो. कान्हेरी असते ती शेवटून दुसरी आणि तीही 'आता जवळच आहे तर' या सदरात. शेवटची असते परतीची गाडी. त्यामुळे लेण्यांना वेळ मिळतो तो जेवण आणि गाडी यांच्या मधला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी डोंगर फोडून ठेवला आहे खरा, पण पाहुण्याला साडेचारला दादर गाठायचं असतं, त्याला ती माणसं काय करणार?

आमचे कोल्हापूरचे दाजी या बाबतीत फार शास्त्रशुद्ध. सगळा जन्म जमाखर्च तपासण्यात गेलेला. चहाचा कप खाली ठेवत त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, एकूण लेणी किती?"

"सरकारी मोजणीने १०९, दाजी."

"लेण्याला एक मिनिट धरा. म्हणजे एक तास एकोणपन्नास मिनिटं. चढ-उतार पंधरा मिनिटं. बारा-साडेबाराला पानावर!"

हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. मी फक्त एवढंच म्हणालो की, या हिशेबाने ताजमहाल एका मिनिटात उरकतो. दाजींना ते मनापासून पटलं.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं आहे. दोघं निवृत्त झाली आणि आठ दिवसांच्या सहलीने इजिप्तला जाऊन आली. जाण्यापूर्वी महिनाभर जिन्यात परिषद भरायची. लक्सॉरला दोन दिवस की तीन? आबू सिंबेलला पहाटे उठून जायचं की ते सोडून द्यायचं? मत सगळ्यांनी दिलं, भाजीवाल्यानेसुद्धा. परत आल्यावर त्यांनी हिशेब सांगितला तो असा: कर्नाकचं देऊळ दीड तास, आबू सिंबेल दोन तास, अत्तराचं दुकान सव्वादोन तास. कर्नाकच्या एका मोठ्या दालनातच १३४ खांब आहेत. दाजींच्या दराने नुसत्या खांबांचेच दोन तास चौदा मिनिटं होतात, आणि ते सारं देवस्थान राजामागून राजाने भर घालत जवळजवळ दोन हजार वर्षं बांधलेलं. आबू सिंबेलची तर आणखीच गंमत. आस्वानच्या धरणात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या चार वर्षांत ते अख्खं कापून, तुकडे करून उंचावर पुन्हा उभं केलं. जे हलवायलाच चार वर्षं लागली, ते बघायला दोन तास!

पण माझा मुद्दा निराळा आहे. या जोडप्याच्या गच्चीतून कान्हेरीचा डोंगर दिसतो. गेली तीस वर्षं दिसतो आहे. आणि तिथे ती दोघं एकदाही गेलेली नाहीत. का, तर "तिकडे काय, केव्हाही जाता येईल!" इजिप्तच्या देवळांना निदान दीड तास तरी मिळाला. घराजवळच्या लेण्यांच्या वाट्याला येतं ते 'केव्हाही'. आता मावशींचे गुडघे दुखू लागले आहेत, तेव्हा 'केव्हाही'ची मुदत भरत आली आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा मला फोटोंचा अल्बम बघावा लागला.

वास्तविक इजिप्तचा आणि आपल्या बाजूचा घरोबा फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येण्याची वाट लिहून ठेवली आहे. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. म्हणजे आज आपण ज्या नालासोपाऱ्याची आणि कल्याणची गाडी चुकली म्हणून कपाळाला हात लावतो, त्या बंदरांचा पत्ता तिकडच्या व्यापाऱ्याला ठाऊक होता. आणि कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे कोण? कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे. व्यापारी, सोनार, गृहस्थ, बायका. एकट्या राजाच्या लहरीवर उभं राहिलेलं हे काम नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला ते सुरू झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत रेंगाळत, थांबत, पुन्हा चालू होत गेलं. नवव्या शतकात गौड देशाहून, म्हणजे थेट बंगालहून, आलेला एक भाविक इथे शंभर द्रम्मांचं दान देऊन गेला आहे.

माझा सगळ्यांत लाडका दाता कल्याणचा. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीत, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वी, याने एक लेणं करून दिलं, आणि एवढ्यावर न थांबता मागलथान गावातलं एक शेत कायमचं लावून दिलं. त्या शेताच्या उत्पन्नातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूला वस्त्रासाठी सोळा कार्षापण द्यायचे आणि पायतणासाठी दरमहा वेगळे पैसे. मागलथान म्हणजे आपलं मागाठाणं, जिथे २०२२ पासून मेट्रोचं स्टेशन आहे. मागाठाण्यात शेत! तेही दान! आजच्या भावाने त्या शेतावर जगातल्या यच्चयावत भिक्षूंना नवे जोडे मिळून वर टॉवरचे दोन मजले उरतील. दाजींनी हा हिशेब कागदावर करून पाहिला आणि बराच वेळ गप्प बसले.

त्या पायतणाच्या पैशांत सगळी गोम आहे. जोडे कशाला हवेत? कारण भिक्षू पावसाळ्याचे महिने इथे मुक्काम करून राहायचे. वर्षावास म्हणतात त्याला. कान्हेरी ही बघण्यासाठी केलेलीच नाही, राहण्यासाठी केली आहे. तीन नंबरचं चैत्यगृह तेवढं भव्य, व्हरांड्याच्या दोन टोकांना सातेक मीटर उंचीचे बुद्ध. सारी गर्दी त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढते आणि परत फिरते. आत जाऊन नीट बघितलं तर खांबांपैकी काहींवर घट, हत्ती आणि माणसं कोरलेली आहेत आणि बाकीचे नुसते अष्टकोनी सोडून दिलेले आहेत. पैसे संपले की कारागीर संपले कोण जाणे. इमारतीचं काम अर्धवट राहण्याची आपल्या भागातली परंपरा बरीच जुनी दिसते.

खरी वस्ती मात्र वर आहे. पायऱ्या चढून गेलं की एकेका लेण्याचा नकाशा समजू लागतो: पुढे छोटं अंगण, मग व्हरांडा, व्हरांड्यात बसायला दगडी बाक, आत खोली आणि बाहेर एका अंगाला पोढी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं; शिलालेखांतला शब्दच तो आहे. डोंगरावरच्या खडकात बोटभर, चारबोटं रुंदीचे चर खोदून पावसाचं पाणी या टाक्यांत वळवलं आहे. इथे दर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात खडक तव्यासारखा तापतो. या दोन्हींचा मेळ त्या लोकांनी छिन्नी-हातोड्याने घातला. अकरा नंबरच्या लेण्यात लांबच लांब दोन बुटके दगडी ओटे आहेत. ते पाहून दाजी म्हणाले, "पंगतीची सोय झ्याक केलीया!" इथे मात्र त्यांचं मिनिटाचं गणित मोडलं. पाण्याचा एक चर कुठून निघतो आणि कुठल्या टाक्यात उतरतो हे शोधण्यात त्यांनी पाऊण तास घातला. लेखापरीक्षकाला गळती शोधायची सवय असते.

आमच्याबरोबर आत्याही आली होती. वय चौऱ्याहत्तर. पन्नासेक पायऱ्या चढून ती एका व्हरांड्यातल्या बाकावर टेकली आणि म्हणाली, "मी इथेच बसते. तुम्ही या हिंडून." दोन तासांनी परत आलो तर पाठ दगडाला टेकून, चपला बाजूला काढून, समोरचं रान बघत होती. कंटाळलीस का, म्हणून विचारलं. "छे रे! बसायसाठीच तर केलंय की हे!" आमच्यापैकी कान्हेरी नीट वापरली ती एकट्या आत्याने.

पूर्वीच्या पाहुण्यांचीही नोंद आहे. नव्वद नंबरच्या लेण्यात भिंतीवर पहलवी लिपीत काही पारशी मंडळींनी आपली आणि आपल्या वडिलांची नावं कोरून ठेवली आहेत. तारीख १० ऑक्टोबर १००९. दुसरा लेख त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरचा. तिसरा १०२१ चा, तोही ऑक्टोबरातलाच. म्हणजे पाऊस सरल्यावर आणि ऊन चढण्याआधी यावं हे हजार वर्षांपूर्वीही लोकांना कळत होतं. बाकी, त्यांनी भिंतीवर नावं कोरली म्हणून आपल्याला इतिहास मिळाला. आज आपण कोरली तर दंड होतो. योग्यच आहे. बदाम काढून त्यातून बाण आरपार घालणाऱ्यांचं पुढे कुणी संशोधन करील असं वाटत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ काढला तो फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे कान्हेरीच्या चैत्यगृहाचं चर्च झालं. इथल्या भुयाराला अंत नाही असं या पाद्रीबाबांच्या कानावर आलं. आपल्याकडे प्रत्येक लेण्यातून एक भुयार काशीला जातंच. फरक इतकाच की, आपण ते ऐकून मान डोलावतो आणि हे गृहस्थ माणसं नि शिधापाणी घेऊन निघाले. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतो लिहितो की, सात दिवस चालूनही शेवट लागला नाही, तेव्हा शिधा संपल्यामुळे परतले. आज तिथे तसलं भुयार कुणाला दिसत नाही. सात दिवस ती मंडळी नक्की कुठे फिरत होती, हा प्रश्न दाजींना अजून छळतो.

याच पाद्रीबाबांनी बोरिवलीच्या पश्चिमेला मंडपेश्वरच्या शैव लेण्याचंही चर्च केलं. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि पुढे महादेव पुन्हा नांदू लागला. आत नाचणारा शिव आहे आणि कातळात कोरलेला क्रूसही आहे. दोघांसाठी मिळून एक तास ठेवा. जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं, लांबलचक, आणि तिथे निम्मा वेळ डोळ्यांना अंधाराची सवय होण्यात जातो. तो दिल्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून घाईच्या माणसाने जाऊच नये.

कान्हेरीला मात्र पुरा दिवस द्या. सोमवार सोडून. सकाळी उद्यानाचं फाटक उघडताच आत शिरा, कारण फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. डबा, पाणी आणि बसायला एक माणूस बरोबर घ्या. आणि कुणी गुडघेदुखीचं असेल तर त्याला या वर्षीच न्या.

राहता राहिली अंधेरीची महाकाली लेणी. एकूण एकोणीस, त्यातल्या नऊ नंबरमध्ये डोंगराच्या पोटात गोल झोपडी खोदावी तशी स्तूपाची खोली आहे, तिला दगडी जाळ्या आहेत. ती झोपडी बघायला अर्धा तास पुरतो. संध्याकाळी स्टेशनकडे यायला रिक्षा मिळेपर्यंतही साधारण तेवढाच लागतो, तेव्हा आधी रिक्षा बघा आणि ती थांबायला कबूल असेल तर मग आत जा.