द्विमार्गी संदेशवहन आणि दौंडचे ग्रहणकेंद्र

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या मोठ्या भागास नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. १८८५ पासून वाहणाऱ्या या कालव्यावर एकाची पाळी असता दुसऱ्याने थांबावयाचे, हा मर्यादित साधनाच्या वाटणीचा परिचित नियम होय. आरंभीच्या तारायंत्रातही हीच रीत होती. दोन्ही टोकांनी एकाच वेळी संदेश पाठविल्यास स्वतःचाच प्रबळ संदेश स्वतःच्या ग्रहणयंत्रात शिरून दूरचा क्षीण संदेश बुडवी. या अडचणीस इतिहासात दोन उत्तरे मिळाली: एक अंतराचे, दुसरे वजाबाकीचे.

अंतराचे उत्तर या तालुक्यांच्या शेजारीच आढळते. बारामतीचा लोहमार्ग ज्या दौंड स्थानकात मुख्य मार्गास मिळतो, तेथे १९२७ मध्ये इंग्लंडशी जोडणाऱ्या बिनतारी तारसेवेचे ग्रहणकेंद्र सुरू झाले. तिचे प्रक्षेपणकेंद्र मात्र खडकीस होते. पुणे ते दौंड हे अंतर रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर आहे. इंग्लंडमध्येही टेटनी येथून प्रक्षेपण व स्केग्नेसजवळ ग्रहण अशीच विभागणी होती. बोलणारे मुख व ऐकणारा कान यांच्यामध्ये मैलांचे अंतर ठेवणे, हाच त्या योजनेचा मार्ग होता.

वजाबाकीचे उत्तर वास्तविक याहून जुने आहे. व्हिएन्नाच्या गिंटल याने १८५३ मध्ये एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी संदेश नेण्याची युक्ती मांडली; बोस्टनच्या स्टर्न्सने १८७२ मध्ये तीत धारित्राची भर घालून ती व्यवहार्य केली. प्रत्यक्ष तारेसारखीच वागणारी एक कृत्रिम तार केंद्रातच उभारावयाची आणि निघणारा प्रवाह दोहोंत समान वाटावयाचा, म्हणजे ग्रहणयंत्रावरील त्याचा परिणाम शून्य होतो व दूरचा संदेश तेवढा उरतो. भारतीय तार खात्यातील लुई श्वेंडलर याने या पद्धतीची सर्वसाधारण उपपत्ती १८७४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

मग अर्धशतकानंतर दौंड व खडकी वेगळी का ठेवावी लागली? तारेची प्रतिकृती रोध व धारित्र यांनी करता येते. बदलत्या आकाशमार्गाची प्रतिकृती त्या काळच्या उपकरणांस साधणारी नव्हती. जेथे ज्ञान अपुरे पडले, तेथे अंतर कामी आले.

१९७१ मध्ये याच जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तेथे एकाच अँटेनाने पाठविणे व ऐकणे शक्य झाले, कारण वर जाणाऱ्या लहरी सुमारे ६ गिगाहर्ट्झच्या व खाली येणाऱ्या ४ गिगाहर्ट्झच्या होत्या. अंतराची जागा कंप्रतेने घेतली. तथापि उपग्रह आपल्याकडे आलेला प्रत्येक संदेश सर्वांकडे परत धाडतो. पाव सेकंदाने पाठविणाऱ्यास स्वतःचेच बोल ऐकू येतात. म्हणून दोन दिशांस कंप्रतापट्ट्याचे दोन वेगळे तुकडे द्यावे लागत.

येथे गिंटलची कल्पना परतली. १९९७ मध्ये व्हायासॅट कंपनीच्या डँकबर्ग, मिलर व मलिगन यांना अमेरिकेत मिळालेल्या पेटंटात दोन्ही केंद्रांनी एकच तुकडा वापरावा अशी योजना आहे. प्रत्येक केंद्र आपल्या संदेशाची प्रत जपते. तीस प्रवासाइतका विलंब लावून, तिची तीव्रता, कला व कंप्रता परतलेल्या संदेशाशी जुळवून ती वजा करते. कृत्रिम तारेचे काम आता गणिताने केले. दोन्ही संदेश समान रुंदीचे असल्यास जवळजवळ अर्धा पट्टा वाचतो. उपग्रहाची शक्ती मात्र अर्धी लागत नाही. दोहोंचे प्रक्षेपण त्याला करावेच लागते. शिवाय स्वतःचा संदेश दूरच्यापेक्षा फार प्रबळ असल्यास वजाबाकीनंतरचा अवशेषही उपद्रव देतो.

या इतिहासास सरळ प्रगतीची रेषा म्हणता येत नाही. वजाबाकी आधी आली, अंतर नंतर आले, आणि पुन्हा वजाबाकीच श्रेयस्कर ठरली. स्वतःचा संदेश हा इतर गोंगाटासारखा गोंगाट नव्हे. तो पाठविणाऱ्यास पूर्णपणे ज्ञात असतो. जे ज्ञात आहे ते दूर ठेवण्याची गरज नसते, ते वगळता येते. दौंड व खडकी यांमधील अंतर हे त्या काळच्या अज्ञानाचेच माप होते, असे म्हणावयास हरकत नाही.