आंतड्याचा अदृश्य तट

इ. स. १८५९ च्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत एक खटला चालला होता. थॉमस स्मेथर्स्ट नांवाच्या वैद्यावर इझाबेला बँक्स या स्त्रीस विष घातल्याचा आरोप होता. पहिली पत्नी हयात असतां त्यानें या बाईशीं लग्न लावलें, आणि कांहीं महिन्यांतच वांत्या व अतिसार यांनीं खंगून ती वारली. मृत्युपत्र त्याच्याच नांवें होतें. एवढ्या गोष्टी जुळून आल्यावर लोकांनीं आपला निकाल केव्हांच देऊन टाकला असेल तर नवल नाहीं. आल्फ्रेड टेलर या नामांकित रसायनशास्त्रज्ञानें एका बाटलींत सोमल सांपडल्याचें सांगितलें. परंतु परीक्षेकरितां वापरलेल्या तांब्याच्या जाळींतच सोमल होता, हें त्याला मागाहून कबूल करावें लागलें. तरीहि स्मेथर्स्टला फांशीची शिक्षा झालीच! पुढें ती रद्द झाली, आणि एक बायको असतां दुसरी केल्याबद्दल मात्र त्यास एक वर्ष कैद भोगावी लागली.

या गदारोळांत गायज् इस्पितळांतील डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनीं मृत बाईचें आंतडें तपासलें. त्यांना विषाऐवजीं रोग दिसला: आंतील अस्तर सुजलेलें आणि त्यावर जागोजाग व्रण. ज्या विकारास आज अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, त्याचा इतिहास सांगतांना बहुधा येथूनच आरंभ करतात. १९३२ सालीं न्यूयॉर्कमध्यें क्रोहन आणि त्याचे दोघे सहकारी यांनीं लहान आंतड्याच्या टोंकाशीं होणारा असाच दुसरा एक विकार वर्णिला. व्रण दोन्हींकडे दिसले. ते कां पडतात, हें मात्र कोणासहि कळलें नाहीं.

श्रोतेहो, कळावें कसें? पाहावयाची वस्तु पाहण्यापूर्वींच नाहींशी होत असे. आपल्या घरांत “आंव पडते” असें म्हणतात, आणि आंव म्हणजे रोगाची खूण, शरीरानें टाकून दिलेली घाण, अशी आपली समजूत असते. वैद्यांची दृष्टीहि फारशी निराळी नव्हती. पण हाच बुळबुळीत पदार्थ निरोगी आंतड्यांतहि अस्तरावर अखंड पसरलेला असतो. मौज अशी, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवण्यापूर्वीं आंतड्याचा तुकडा ज्या फॉर्मॅलिनच्या पाण्यांत मुरवीत, त्यांतच हा थर आक्रसून नाहींसा होई. अस्तर उरे आणि आंव जाई. बेल्जियममधील पेशीशास्त्रज्ञ कार्न्वा याच्या नांवाचें मद्यार्क, क्लोरोफॉर्म व अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड यांचें निर्जल मिश्रण एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होतें. त्यांत हा थर टिकून राहतो. औषध फडताळांत होतें. तें या कामीं वापरण्याची गरज कोणास भासली नाहीं, इतकेंच.

तोंवर दुसऱ्या वाटेनें शोध चालू होता. १९८९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें गम, किम आणि त्यांचे सहकारी यांनीं आंतड्यांतील आंवेचें प्रथिन घडविणाऱ्या जनुकाचा मागमूस काढला. त्यास म्यूक-२ असें नांव आहे. त्यावरून बनणारें प्रथिन अवाढव्य आहे. त्याच्या सांखळींत पांच हजारांहून अधिक दुवे असतात, आणि त्यांवर शर्करेचे झुबके इतके दाट बसतात कीं वजनाचा सुमारें चार पंचमांश भाग त्यांचाच असतो. अस्तरांतील पेल्याच्या आकाराच्या पेशी हें प्रथिन घट्ट आवळून सांठवितात. बाहेर पडतांच तें पाणी पिऊन शेंकडों पटींनीं फुगतें. सब्जाचें बीं पेल्यांत टाकल्यावर जसें टपोरें होतें तसेंच.

हें जनुक नसेल तर काय होईल? २००२ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्याविना वाढविलेल्या उंदरांच्या आंतड्यांत गांठी झाल्या. २००६ सालीं रॉटरडॅम येथें तशाच उंदरांस कांहींहि न करतां आपोआप आंतड्याचा दाह जडला. मग २००८ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें योहान्सन, हान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कार्न्वाच्या मिश्रणांत मुरविलेलें मोठें आंतडें पाहिलें. आंवेचे थर दोन होते. बाहेरचा सैल, जंतूंनीं गजबजलेला. आंतला घट्ट, अस्तरास चिकटलेला आणि जंतुरहित. उंदरांत या आंतल्या थराची जाडी अवघी एका मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढी भरली. असंख्य जंतु एका बाजूस, आपलें मांस दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें एवढाच तट! म्यूक-२ नसलेल्या उंदरांत जंतु थेट अस्तरास जाऊन भिडले होते.

त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतून आलेली वार्ता मला अधिक उद्बोधक वाटते. तेथील उंदरांत जनुक नाहींसें झालेलें नव्हतें; त्यांत एकेका अक्षराची चूक होती. प्रथिनाची घडी नीट बसेना, तें पेशींतच तुंबून राही, आणि त्या ओझ्यानें पेशीच थकून जाई. तट पातळ पडला, दाह सुरू झाला.

येथें उतावळेपणा करूं नये. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कोलायटिसच्या सर्वसाधारण रोग्यांत म्यूक-२ मोडलेलें असतें, असें कोणी दाखविलेलें नाहीं; आंतड्याच्या विकारांशीं संबंध असलेलीं जनुकें पुष्कळ आहेत, आणि आहार व जंतु यांचाहि त्यांत वांटा आहे. परंतु २०१४ सालीं गोथेनबर्गच्याच मंडळींनीं रोग्यांच्या आंतड्यांतून घेतलेल्या बारीक तुकड्यांवर जंतूंएवढे मणी सोडून पाहिले. निरोगी माणसाच्या आंवेनें मणी वरच्या वर अडविले. रोग भडकलेल्यांच्या आंवेंतून ते आरपार खालीं गेले. रोग शमलेल्या कित्येकांत मात्र तट पुन्हा घट्ट झालेला आढळला. तेव्हां दाहानें तट ढांसळतो, कीं तट ढांसळल्यानें दाह होतो, हा वाद त्या मण्यांनीं मिटला नाहीं. विल्क्स यांनीं पाहिलेल्या व्रणांवर हा थर कधीं काळीं होता, आणि तो केव्हां व कसा गेला, हें इझाबेला बँक्सच्या बाबतींत आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं.