अर्ध्या रेघेची कुळकथा

डबा टीव्हीवर जुना व्हिडिओ गेम लावा आणि काचेशी डोळे नेऊन बघा. प्रत्येक उजळ रेघेखाली एक काळी रेघ दिसेल. आज इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळणारे याच काळ्या रेघांसाठी जीव टाकतात. पण त्या मुद्दाम कुणी काढल्या नव्हत्या. टीव्हीच्या सिग्नलमधली अर्धी रेघ गाळली गेली आणि त्या आपोआप उमटल्या.

डबा टीव्हीतली नळी (सीआरटी) मूळची कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची, 1897 सालची. पुढे तिचीच पिक्चर ट्यूब झाली. इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक आडवी रेघ ओढत जातो. अमेरिका-जपानच्या जुन्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या रेघा 525. सेकंदाला 60 पूर्ण चित्रं पाठवायला प्रक्षेपणात जागा नव्हती, आणि 30 पाठवली तर पडदा लुकलुकला असता. म्हणून चित्र दोन फेऱ्यांत वाटलं: आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या. दर फेरीला 262.5 रेघा. त्या शेवटच्या अर्ध्या रेघेमुळेच दुसरी फेरी पहिलीच्या फटींत नेमकी बसते.

1977 च्या अटारी 2600 या गेमयंत्राची स्मृती अवघी 128 बाइट. त्यात चित्र साठवणार कुठे? झोत जसजसा खाली येईल तसतशी पुढची रेघ प्रोग्रामला जागच्या जागी तयार करावी लागे. अशा यंत्राला फेऱ्यांची वाटणी म्हणजे नुसतीच कटकट. त्यानं सरळ 262 पूर्ण रेघा पाठवल्या. आता प्रत्येक फेरी आधीच्याच जागी पडू लागली आणि मधल्या फटी काळ्याच राहिल्या. त्या बदल्यात सेकंदाला 60 वेळा नवं, न थरथरणारं चित्र मिळालं. 1983 मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमनं हीच वाट धरली. युरोपात बहुतेक ठिकाणी आणि आपल्याकडे पाल ही टीव्ही पद्धत होती, म्हणून तिथे 312.5 च्या जागी 312 रेघा आणि सेकंदाला 50 फेऱ्या. त्यामुळे युरोपात कित्येक जपानी गेम एक षष्ठांशानं मंदावले.

गेमच्या चित्रकारांनी या पडद्याचे गुणदोष ओळखूनच रंग भरले, आणि मला या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. 1991 च्या ‘सॉनिक’ या गेममधला धबधबा बघा. चित्रात तो उभ्या पट्ट्यांचा आहे: एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. साध्या पिवळ्या एव्ही पिनेतून आलेला सिग्नल शेजारचे रंग एकमेकांत मिसळतो. पट्ट्या विरघळतात आणि पाण्याआडचा देखावा दिसू लागतो. ‘सॉनिक’ ज्या यंत्रावर चाले त्याला खरी पारदर्शकता जमतच नव्हती. एलसीडीवर त्याच धबधब्याचे गज होतात.

1997 मध्ये निकोला साल्मोरिया यांचा ‘मेम’ हा इम्युलेटर आला, आर्केड गेम घरच्या पीसीवर चालू लागले. काळ्या रेघा मात्र तिथेच, एलसीडीच्या आधीच हरवू लागल्या होत्या. पीसीचा मॉनिटरही सीआरटीच, पण तो सेकंदाला साधारण 31 हजार रेघा ओढणारा. टीव्ही ओढतो पावणेसोळा हजारांच्या आसपास. म्हणून पीसीचं व्हीजीए कार्ड गेमची प्रत्येक रेघ दोनदा पाठवायचं आणि फट बुजायची.

ती फट परत आणायचे दोन मार्ग निघाले. एक शेडर नावाच्या छोट्या प्रोग्रामचा: सपाट पडद्यावर रेघा, चकाकी, रंगांची मिसळ गणितानं उभी करायची. दुसरा खऱ्या नळीचा: काही जुन्या रॅडिऑन ग्राफिक्स कार्डांना वेगळा ड्रायव्हर देऊन त्यांच्याकडून टीव्हीच्याच वेगाचा सिग्नल काढायचा आणि गेम मूळच्या रेघसंख्येत डबा टीव्हीला पाठवायचा. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक असेल तर हा दुसराच मार्ग घ्यावा. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो आणि बंदुकीतला सेन्सर तो टिपतो. सपाट पडद्यावर तो चौकोन उशिरा पोचतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं.