घाटमाथ्यावरचे गाव आणि दूरवरचे निर्णय

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाडीला कसाऱ्यास मागून जादा इंजिने लागतात आणि त्यांच्या रेट्याने ती थळघाट चढून इगतपुरीस येते. तेथे ती इंजिने सुटतात, खिडकीतून वडे नि चहा आत येतो आणि गाडी पुढे निघते. प्रवाशाच्या लेखी इगतपुरी एवढीच. परंतु या थांब्यावर ज्यांच्या चार पिढ्यांची चूल पेटली, त्यांच्या दृष्टीने तिचा इतिहास निराळा आहे. तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

या गावाचे भवितव्य प्रथम लंडनमध्ये ठरले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमधील भागधारकांची कंपनी. तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घेतली होती आणि तिचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणून लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवणे, हा त्यामागील एक मोठा हेतू होता. सह्याद्रीचा कडा फोडून ३७ फुटांस १ फूट अशा चढणीचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात राहिले. कडा फोडणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

चढण होती म्हणून इंजिने ठेवावी लागली, इंजिने होती म्हणून माणसे आली. मराठी कामगारांच्या शेजारी गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहू लागली. अशा रेल्वेगावांतील चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या आम्ही चाळल्या आहेत. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर हेच शब्द पानोपानी आढळतात. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेली. राज्य बदलले, तसा धर्मग्रामांतील बाकांवरचा चेहराही बदलला.

१९३० साली मुंबईकडील विजेचा मार्ग इगतपुरीपर्यंत आला. घाटातून वाफेचे इंजिन गेले. पण पुढे भुसावळकडे वाफच होती, म्हणून प्रत्येक गाडीचे इंजिन येथे बदलावे लागे. १९५७ साली स्वतंत्र भारताच्या रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी पंचवीस हजार व्होल्टचा ए.सी. प्रवाह स्वीकारला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो प्रवाह भुसावळकडून इगतपुरीस पोहोचला, तेव्हा मुंबईकडचा जुना डी.सी. प्रवाह येथेच संपत होता. इंजिन बदलणे चालूच राहिले. दोन तंत्रांच्या सीमेवर वसल्याने हे गाव असे तगले.

मग ती सीमाच पुसली गेली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मार्गावर दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली. पुढे डी.सी.च्या जागी ए.सी. आणण्याचे काम सुरू झाले आणि २०१६ पर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचाही डी.सी. प्रवाह बंद झाला. २०१९ पासून राजधानी एक्सप्रेस पुढेमागे इंजिने लावून, तर २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत जादा इंजिनावाचून घाट चढू लागली. हे बदल अनिष्ट होते, असे आम्ही म्हणत नाही. वेळ वाचला, खर्च वाचला. परंतु वाचलेला प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी हातच्या कामातून वाचला, हे ध्यानी घ्यावयास हवे.

ज्या इंग्लंडातून आपली रेल्वे आली, त्या देशातील गावेही यातून सुटली नाहीत. पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्सबी हे मासेमारीचे मोठे बंदर. आइसलँडने आपली सागरी हद्द दोनशे मैलांपर्यंत वाढवली आणि १९७६ साली लंडन सरकारने त्या देशाशी समेट केला. राष्ट्राच्या दृष्टीने तो शहाणपणा असेल. पण ग्रिम्सबीच्या दूरसमुद्री नौका धक्क्याला लागल्या त्या कायमच्या. खलाशांसाठी भरपाईची सरकारी योजना जाहीर झाली ती २००० साली. तोवर त्यांची मुले प्रौढ झाली होती.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत घाट ओलांडतात. प्रवाशाला गाव दिसतही नाही. याच तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते. देणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

प्रगतीचा गाडा रोखावा, असे आमचे सांगणे नाही. निर्णय घेताना ज्यांचे काम जाणार आहे त्यांची नावे आधी लिहावीत आणि त्यांच्या हातांना दुसरे काम शोधून मगच जुने मोडावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. हे मागण्यासाठी नगरपरिषदेच्या आणि ग्रामसभेच्या दारी आपणही गेले पाहिजे. नोंदवहीतील व्यवसायाचा तो रकाना अजून तसाच आहे. उद्या त्यात कोणता शब्द लिहिला जाईल, हे केवळ दिल्ली-मुंबईने ठरवू नये.